याद्यांच्या गावी चार दिवस

आमच्या फ्रिजवर दर जानेवारीत एक कागद लागतो. वर लाल शाईत 'संकल्प', खाली आकडे घालून दहा-बारा ओळी. यंदा डिसेंबर उजाडला तेव्हा बारावीतल्या आमच्या चिरंजीवांनी सातव्या ओळीपुढे पेन्सिलीने शेरा मारलेला दिसला : 'सन २०१९ पासून प्रलंबित.' मी बँकेत आहे. 'प्रलंबित' हा शब्द मला जरा जास्तच लागतो. घरात हसाहस झाली, मीही हसले, पण रात्री तो कागद काढून पर्समध्ये ठेवला.

चांगलं कसं जगावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पहाटे पाचपासून मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रासकट सुविचार येतात. कपाटात तसली पुस्तकं आहेत, काहींची तर प्लास्टिकची वेष्टनंही अजून शाबूत आहेत. मला आता यादी करून ती पाळलेली माणसं हवी होती. माणसं नसतील तर निदान त्यांची घरं.

आत्या अमरावतीला असते. वय ७६, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाली, "याद्याच पाहाच्या असतीन तं इकडेच ये. आमच्याकडे गंज आहेत." गंज म्हणजे वऱ्हाडीत पुष्कळ.

पहिला दिवस : सेवाग्राम

विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी वर्ध्याला उतरले. आत्या आदल्या दिवशीच येऊन एका जुन्या सहकारी बाईंकडे उतरली होती. स्टेशनबाहेर डोक्याला रुमाल बांधून, एक कापडी पिशवी घेऊन उभी. पहिलं वाक्य : "एवढी मोठी ब्याग? तू भेटाले आली का राहाले?" पुढच्या चार दिवसांत असंग्रहाविषयी मी जे काही ऐकलं, त्याचा गोषवारा तिथेच झाला.

सेवाग्राम वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी फुटलेली, मधूनमधून तुरीच्या रांगा, कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया. गावाचं मूळ नाव शेगाव. १९३६ च्या एप्रिलमध्ये गांधी इथे राहायला आले आणि त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. आत्याला ही गोष्ट फार आवडते. पत्ता चुकला म्हणून गावाला ध्येय मिळालं, असं ती वर्गात सांगायची म्हणे.

आश्रमात शिरताना चपला काढल्या आणि पायाखाली बारीक खडी आली. पहिलं घर आदिनिवास, मग बा कुटी, मग बापू कुटी. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू. बापू कुटी मुळात गांधींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा अजून आहेत. गांधी बसत तिथे चटई आणि बुटकं डेस्क. पेपरवेट म्हणून गोटे. मी बँकेत ज्या टेबलावर बसते त्यावर याच्या चौपट सामान असतं आणि त्यातलं निम्मं बंद पडलेलं असतं.

माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. एका कोपऱ्यात साप धरायचा लांब लाकडी चिमटा आणि पकडलेला साप ठेवायला पिंजरा. आश्रमात साप फार निघत. मारायचे नाहीत, मग धरून लांब सोडायचे. अहिंसा हा शब्द मी शाळेपासून किती वेळा वाचला, निबंधात लिहिला, पाच-पाच मार्क मिळवले. त्याला लाकडी चिमटा लागतो हे एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. चिमटा कुणीतरी सुताराकडून करून घेतला असणार, तो अमुक ठिकाणी टांगायचा असं ठरलं असणार, रात्रीबेरात्री साप निघाल्यावर कुणीतरी धावत जाऊन तो आणला असणार.

थोडं पुढे परचुरे कुटी. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची मालीश करत. त्या काळी लोक ज्या माणसाची सावली टाळत, त्याची. कुटी अगदी लहान आहे. आत्या उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "हे अभय. बाकी आपण अंधारात जातो ते काही अभय नाही."

अकरा व्रतांची पाटी वाचली : सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यतानिवारण, शरीरश्रम, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधी साबरमतीच्या आश्रमाला दर मंगळवारी सकाळी एकेका व्रतावर पत्र लिहीत. स्वदेशीवर तेव्हा लिहिलं नाही, कारण तुरुंगात बसून राजकारणाचं बोलायचं नाही हे त्यांनी मान्य केलं होतं आणि स्वदेशीवर लिहायचं तर राजकारण आलंच. म्हणजे व्रतांवर लिहितानासुद्धा एक व्रत पाळायचं. मी ऑफिसच्या वेळात ऑफिसच्याच कागदावर संकल्प लिहिते.

तरीही खरं सांगायचं तर या यादीशी माझं सगळंच जमत नाही. बा कुटीत उभं राहिल्यावर तर नाहीच. एवढीशी खोली. आश्रमातल्या वर्दळीत कस्तुरबांना थोडा आडोसा हवा म्हणून वेगळी बांधली. नवऱ्याने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं तेव्हा यांना कितपत विचारलं, आणि विचारलं असेल तर 'नाही' म्हणायची सोय होती का? मी हे आत्याला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "होती का नाही मले ठाऊक नाही. पण तू विचारून राहिली ते बरं केलं." बस्स, एवढंच. १९४४ मध्ये कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच वारल्या. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधी इथून निघाले ते परत आले नाहीत.

संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर, झाडाखाली. वीस-पंचवीस माणसं, त्यात अर्धी पाहुणी. जपानी बौद्ध मंत्राने सुरुवात, मग उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना, गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं. तो भाग मी पूर्वी कधी नीट ऐकलाच नव्हता. अर्जुन विचारतो काय, तर स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. नुसती व्याख्या विचारत नाही. आपल्याकडच्या मुलाखतीत विचारतात तसा व्यवहारी प्रश्न.

रात्री यात्री निवासात ज्वारीची भाकरी, डाळ, पालकाची भाजी. भाजीला मीठ कमी. पर्समधली ठेच्याची डबी काढावी की नाही या विचारात मी होते. आत्याने न बघताच हात पुढे केला, "काढ वं. अस्वाद म्हणजे चव मारणं नाही, चवीसाठी रुसणं नाही. मले दे थोडा."

दुसरा दिवस : गीताई मंदिर, पवनार

पहाटेची प्रार्थना पावणेपाचला. मी गजर लावून झोपले होते. जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं आणि आत्या बाहेर दात घासून, प्रार्थना करून, चहा पिऊन पेपर वाचत होती. गजर मी संध्याकाळचे साडेचार असा लावला होता.

"उठवलं का नाहीस?"

"व्रत कोणाचं होतं?"

यावर काय बोलणार. (तो गजर संध्याकाळी साडेचारला पवनारच्या आश्रमात, अगदी शांततेत, ठणाणा वाजला, हेही सांगून टाकते.)

वाटेत गोपुरीला गीताई मंदिर. मंदिर म्हणायचं, पण ना कळस, ना छप्पर, ना मूर्ती. मोकळ्या आवारात ग्रॅनाइटच्या उंच शिळा उभ्या केल्यात आणि त्यांवर गीताईचे, म्हणजे विनोबांनी मराठी पद्यात आणलेल्या गीतेचे, अठरा अध्याय कोरलेत. १९८० मध्ये विनोबांच्याच हस्ते हे सुरू झालं. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठी पद्यातली हाती आली तीही जड वाटली. मुलाला म्हणाली, तूच का करत नाहीस? आई १९१८ मध्ये गेली. गीताई लिहून झाली १९३१ च्या फेब्रुवारीत. आईच्या एका वाक्याचं काम बारा-तेरा वर्षांनी पुरं केलं. प्रलंबित होतं, पण झालं. हे वाचून मला जरा धीर आला.

आत्या शिळेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचत गेली. तिच्या मागे शाळेची सहल आली होती, त्यातली चार-पाच पोरं हळूहळू तिच्याभोवती जमली. तिने लगेच प्रमाण मराठी सुरू केली. घरी वऱ्हाडी, वर्गात प्रमाण, हा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

पवनार वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीकाठी. पुलावरून खाली काळे कातळ आणि त्यांतून वाट काढत जाणारं पाणी दिसतं. पलीकडच्या चढावर आश्रम. विनोबा १९३८ मध्ये तब्येत फार ढासळली म्हणून इथे आले. जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली, त्यातलं एक भरत-रामाच्या भेटीचं. ती तशीच आश्रमात ठेवली आहेत. १९५१ मध्ये तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची पहिली जमीन मिळाली आणि पुढची तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी हिंडला. मधे १९५९ मध्ये इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, बायकांसाठी. म्हणजे ब्रह्मविद्या, संन्यास, साधना हे सगळं पुरुषांचं खातं समजलं जाई, ते इथे बायकांच्या नावावर केलं.

मला वाटलं होतं इथेही पाटी असेल, नियम असतील. मला तरी मोठीशी कुठे दिसली नाही. दिसलं ते काम. एक ताई, ऐंशी तरी ओलांडलेल्या, ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. आम्हाला बघून सरकून जागा दिली आणि दोन सुपं पुढे केली. पाऊण तास आम्ही शेंगाच निवडल्या. माझ्या सुपातला कचरा त्यांनी दोनदा न बोलता परत निवडला.

इथला एक नियम मला आधीपासून माहीत होता आणि तो खरा आहे का हे विचारायचं होतं : कुठलाही निर्णय सर्वसंमतीने. बहुमताने नाही. एकीचंही 'नाही' असेल तर थांबायचं.

"मग निर्णय होतात कधी?" मी विचारलं. आमच्या शाखेत एसी किती अंशांवर ठेवायचा याचा निर्णय तीन वर्षं झालेला नाही.

ताई हसल्या. "उशिरा होतात."

"आणि भांडणं?"

"होतात की." शेंग फोडून दाणा हातावर घेतला. "पण मग संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून प्रार्थना करायची असते ना. जागा बदलत नाही आम्ही."

जागा बदलत नाही. मी हे मनातल्या मनात तीनदा म्हटलं, कारण मागच्या वर्षभरात एका सहकारीण बाईशी बिनसल्यापासून मी जेवणाच्या सुट्टीत टेबल बदललं आहे. उगाच जाहीर करण्यासारखं काही नाही, पण त्या ओट्यावर ते आठवलं खरं.

विनोबांविषयी आमच्या घरात एक जुना वाद आहे आणि तो इथेही निघाला. आणीबाणीत ते मौनात होते, तेव्हा त्यांचे 'अनुशासन पर्व' हे शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवले. माझ्या वडिलांनी ते त्यांना कधी माफ केलं नाही. आत्याचं म्हणणं, पर्व हा शब्द महाभारतातला आहे, विनोबांच्या मनात आचार्यांचं अनुशासन होतं, सरकारी वरवंटा नव्हता. मी वडिलांच्या बाजूची. इतक्या नेमक्या शब्दांच्या माणसाला आपला शब्द कुठे वापरला जाईल हे कळायला हवं होतं. आणि तरीही १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर याच माणसाने अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि आठवडाभरात, १५ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, इथे शांतपणे देह ठेवला. एका माणसात दोन्ही असतं. आत्या आणि मी नदीवर उतरून कातळावर बसलो तेव्हा वाद संपलेला नव्हता, फक्त थंडी वाजायला लागली होती.

जेवण झाल्यावर आपापलं ताट घासायचं. मी घासलेलं ताट आत्याने उन्हात धरून पाहिलं आणि परत नळाखाली नेलं. दिवसभरात माझं काम तिसऱ्यांदा तपासलं गेलं.

तिसरा दिवस : एसटी आणि मोझरी

वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तिवसा, तिथून मोझरी. बसमध्ये कंडक्टरने आत्याला पंचाहत्तरीवरचं शून्याचं तिकीट दिलं, मला बायकांचं अर्धं. आत्या तिकीट नीट घडी करून कनवटीला लावते. शून्याचं असलं म्हणून काय झालं.

वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. आत्याचा आवाजच बदलला. शेजारच्या बाईशी बोलताना कुठल्या गावची, कोणाची, लेक कुठे दिली, इथवर पाच मिनिटांत पोचली. मी खिडकीतून संत्र्यांच्या गाड्या मोजत होते.

मोझरीचं गुरुकुंज नागपूर-अमरावती महामार्गाला लागूनच आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म यावलीचा, १९०९ चा. आश्रम त्यांनी इथे उभा केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते इथेच गेले. पुण्यतिथीला लाखभर माणसं जमतात आणि ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळी एकदम गप्प होतात. आत्या म्हणते, तेवढ्या गर्दीत कावळ्याचे पंख ऐकू येतात. आम्ही गेलो ते दिवस गर्दीचे नव्हते. समाधीपाशी सात-आठ माणसं, भगव्या टोप्या, 'जय गुरु' म्हणून नमस्कार.

संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना हाच इथला खरा सोहळा. सरळ रांगांत बसायचं, ताठ. समोर अधिष्ठान, म्हणजे मांडलेलं एक आसन. त्यावर मूर्ती नाही, कुठल्या देवाचा फोटोही नाही. रिकामं. ज्याला जो बसवायचा त्याने तो बसवावा. मला वाटतं गावागावांत सगळ्या जातींना आणि पंथांना एका सतरंजीवर बसवायचं असेल तर याच्याइतकी साधी युक्ती दुसरी नसेल. देव कोणता हा प्रश्न निघाला की पहिल्याच संध्याकाळी चार जण उठून गेले असते.

प्रार्थना मला येत नव्हती. आत्याला सगळी येत होती, हिंदी-मराठी दोन्ही, आणि ती डोळे मिटून अशा खणखणीत आवाजात म्हणत होती की पुढच्या रांगेतल्या मुलाने वळून पाहिलं. लहानपणी तिने महाराजांना खंजिरीवर ऐकलंय. "थापच वेगळी होती वं," ती म्हणाली. "गाणं नंतर कळे, पहिले हात कळे."

इथली यादी म्हणजे महाराजांची ग्रामगीता. एक्केचाळीस अध्याय, आणि त्यांत काय नाही? गाव झाडण्यापासून लग्नातल्या उधळपट्टीपर्यंत, शेणखतापासून बायकांच्या शिक्षणापर्यंत. ग्रंथ अर्पण केलाय तो ग्रामदेवतेला, आणि ग्रामदेवता म्हणजे शेंदूर फासलेला दगड नव्हे, गावच. मी मुक्कामाच्या खोलीत आत्याची प्रत चाळत बसले. कव्हर गेलेलं, समासात तिच्या बारीक पेन्सिलीच्या खुणा. एका अध्यायाच्या कडेला लिहिलं होतं, 'शौचालय. सरपंचाला परत भेटणे.' पुढच्या पानावर, 'भेटले.' त्याच्या पुढे, वेगळ्या शाईत, 'झाले. मुलींचे दोन.'

मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, "हाव, ते गावचं. तीन वर्षं लागले." आणि दिवा मालवून झोपली.

मला बराच वेळ झोप लागली नाही. माझ्याकडच्या पुस्तकांत मी ओळी अधोरेखित करते, पिवळ्या हायलायटरने. समासात 'किती खरं!' असं लिहिते. सरपंचाला भेटणे असं एकदाही लिहिलेलं नाही.

चौथा दिवस : अमरावती

मोझरीहून अमरावती तासाभराची. गाडगेनगरला गाडगेबाबांची समाधी. शहर वाढत वाढत तिच्या चहूबाजूंनी आलंय, बाहेर रिक्षा, नारळाची दुकानं, एक मोबाइल रिचार्जवाला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६, शेंडगावचा. १९०५ मध्ये घर सोडलं. डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगात चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा. गावात शिरायचं ते झाडत झाडतच. झाडून झालं की संध्याकाळी कीर्तन, त्यात प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं वदवून घ्यायची. पैसा जमला तो धर्मशाळा, शाळा, अन्नछत्रं यांत घातला. स्वतःच्या राहायला एक झोपडीही नाही बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. १९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेला बाबासाहेब गेले आणि २० तारखेला हे, अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीत.

आत्या तेव्हा सात वर्षांची. आजोबांनी तिला खांद्यावर बसवून अंत्ययात्रेला आणलं होतं. "मले काही दिसलं नाही. माणसंच माणसं. मी बाबांची टोपी घट्ट धरली होती, एवढंच आठवते. अन् रस्ता झाडून ठेवला होता. कोणी झाडला होता कोण जाणे, पण एवढ्या गर्दीत रस्ता स्वच्छ होता."

बाबांचा दशसूत्री संदेश तिथे भिंतीवर आहे. आत्याच्या शाळेतही रंगवलेला होता, मी तो लहानपणी सुट्टीत आले की पाहायचे आणि कधी वाचला नाही. या वेळी तिने मला मोठ्याने वाचायला लावलं, शाळेतल्यासारखं.

भुकेलेल्यांना अन्न. तहानलेल्यांना पाणी. उघड्यानागड्यांना वस्त्र. गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत. बेघरांना आसरा. अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार. बेकारांना रोजगार. पशुपक्षी, मुक्या प्राण्यांना अभय. गरीब तरुणतरुणींचं लग्न. दुःखी आणि निराशांना हिंमत.

"विभक्ती सांग," आत्या म्हणाली.

"काय?"

"भुकेलेल्यांना. विभक्ती."

"द्वितीया," मी म्हटलं. मग घाबरून, "नाही, चतुर्थी. पण प्रत्यय तर सारखेच. स, ला, ना, ते."

"प्रत्ययावरून नाही कळत," ती प्रमाण मराठीत म्हणाली, म्हणजे तास सुरू झाला होता. "मुलाला मारलं, ही द्वितीया. मुलाला भाकर दिली, ही चतुर्थी. देणं आलं की चतुर्थी. आता मोज. दहांत चतुर्थी किती?"

मोजल्या. नऊ. लग्नाच्या ओळीत षष्ठी.

"तिथंही लावून कोण देते?" ती म्हणाली. "अन् सेवाग्रामची यादी आठव. सत्य, अहिंसा, अस्तेय. सगळी प्रथमा. ज्याची त्याने पाळायची. तीही पाहिजे, ती नसली तर द्यायला हातात काही राहात नाही. पण आमच्या बाबाले शाळा नव्हती, भाववाचक नाम त्याले कोण शिकवणार? त्याने सरळ विचारलं, कोणाले काय पाहिजे."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ समाधीपुढची फुलं गोळा करत होते. ते थांबून ऐकत होते. म्हणाले, "बाई, आमच्या नातवाले हे विभक्तीचं काही येत नाही, सांगाल का?" आत्याने त्यांना घरचा पत्ता दिला. संध्याकाळी सहानंतर, म्हणाली. फी विचारल्यावर म्हणाली, "त्याले वही घेऊन पाठवा."

दुपारी तिच्या घरी वांग्याची भाजी, भाकरी, तुरीच्या ओल्या शेंगांची आमटी. हात धुऊन झाल्यावर तिने विचारलं, "तुझी यादी कुठं आहे?"

मी पर्समधून फ्रिजवरचा कागद काढला. तिने चष्मा लावला, लाल पेन घेतलं. पाचला उठणे. साखर बंद. दहानंतर मोबाइल बंद. योग नियमीत. रोज दहा पाने वाचणे. रागावर ताबा. सातवी, प्रलंबित म्हणून गाजलेली : आईला रोज फोन. मग वजन, पाणी, चालणे, बचत, आणि बारावी, 'स्वतःसाठी वेळ'. ती एकेका ओळीवर पेन टेकवत खाली गेली. 'नियमीत'ची वेलांटी ऱ्हस्व केली. मुलाचा पेन्सिलीचा शेरा वाचून हसली. सातव्या ओळीपाशी थांबली, तिला लाल गोल केला आणि कागद परत दिला.

गुण दिले नाहीत. मी विचारलेही नाहीत.

संध्याकाळी मुंबईच्या गाडीला सोडायला ती स्टेशनवर आली. नको म्हटलं तरी आली. माझी ती मोठी बॅग तिनेच एका बाजूने धरून डब्यात चढवली. खिडकीत डबा दिला : भाकरी, ठेचा, अर्धा डझन संत्री. गाडी हलता हलता खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली,

"आईले रोज फोन. बरं हाय. अन् आत्याले?"

बडनेरा यायच्या आत मी फोन लावला. ती अजून स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करत होती. "आत्ता तं सोडलं तुले," ती खेकसली. "कायले फोन केला? काही राहिलं का?"